पवनारचा रहाट

विनोबा भावे म्हटलं की आपल्याला आठवते ती शाळेतली टीप. भूदान चळवळ, गुण ५. पण भूदानाच्या आधी आपल्या वर्धा जिल्ह्यात त्यांनी जे करून बघितलं, ते आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी मुद्दाम वाचावं असं मला वाटतं. प्रश्न साधाच होता. माणूस दुसऱ्यावर न विसंबता जगू शकतो का? आणि जगू शकत असेल, तर कुठपर्यंत?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कोकणातल्या गागोदे गावचा. शिक्षण बडोद्याला झालं. तिथे त्यांनी आपली सर्टिफिकेटं घरच्या चुलीत घातली (हॉस्टेलवर कुणी हा प्रयोग करू नये!). १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले, मधेच सुरतेला उतरले आणि थेट काशीला गेले. त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ मध्ये वर्ध्याचा आश्रम सांभाळायला आले आणि मग वर्ध्याचेच झाले.

१९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीला राहायला गेले. तिथे ते तासन्‌तास सूत कातत, आणि कातणाऱ्या बाईला जेवढी मजुरी मिळते तेवढ्यातच आपलं भागवून बघत. भागत नसे! दिवसभर राबून पोट भरत नसेल, तर त्यात कातणारीचा काय दोष? सुताचा भाव ठरवणारा दुसराच असतो. पुढे १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं.

या सगळ्यात तब्येत पार ढासळली. १९३८ मध्ये धाम नदीकाठी, पवनारच्या टेकडीवरच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात ते विश्रांतीसाठी आले. आता यांची विश्रांती कशी, तर रोज कुदळ घेऊन शेतात खणायचं! पण तब्येत सुधारली खरी.

खरा मोठा प्रयोग १९५० मध्ये सुरू झाला. नाव होतं कांचनमुक्ती. आश्रमासाठी पैशाचं दान घ्यायचं नाही, धान्य-भाजी स्वतः पिकवायची, कापड स्वतः कातून-विणून वापरायचं. शेतीलाही बैल नको, सगळं माणसाच्या हातांनी. त्याला ते ऋषिशेती म्हणत. पाणी हवं म्हणून आश्रमातल्या लोकांनी विहीर खणली. तिच्यावर रहाट बसवला आणि तो बैलांऐवजी माणसांनीच ढकलायचा. आपल्या भाषेत एफिशियन्सी काढली तर हा रहाट नापासच होईल. पण त्यात एक गंमत आहे. तो एकट्याने ओढायचा नव्हताच. पाच-सात जणांनी मिळून जोर लावला की पाणी वर. म्हणजे स्वावलंबनाचा जो प्रयोग, त्याचं मशीनच सहकाराचं!

हा प्रयोग रंगात असतानाच, एप्रिल १९५१ मध्ये, हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा पवनारहून पायी निघाले. संमेलन आटोपून ते तेलंगणात फिरले. तिथे तेव्हा जमिनीवरून रक्तपात चालू होता. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याआधी विनोबांनी गावालाच विचारलं, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदान सुरू झालं ते इथे.

मला वाटतं, पवनारच्या प्रयोगाचं उत्तर पोचमपल्लीत मिळालं. स्वतः पिकवून खा, हे ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्यालाच सांगता येतं. पवनारची टेकडी तरी कुणाची होती? जमनालालजींची. ज्याच्याजवळ वीतभर जमीन नाही, त्याच्या स्वावलंबनाची सुरुवात दुसऱ्याने काहीतरी सोडण्यापासूनच होते.

त्यानंतर १३ वर्षं विनोबा देशभर चालले. दुसऱ्याच्या दारचं अन्न नको म्हणणारा हा माणूस आता रोज नव्या गावात, लोक देतील ते खाऊन राहू लागला. ४० लाख एकरांहून जास्त जमीन कागदावर आली. मात्र हेही सांगायला हवं की त्यातली बरीच कधी वाटलीच गेली नाही. काही खडकाळ निघाली, काही भांडणातली, काही दात्यांनी शब्द फिरवला.

१९५९ मध्ये त्यांनी पवनारला बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. तिथेही सगळ्यांनी शरीरश्रम करायचे आणि निर्णय एकमताने घ्यायचे. १९६४ मध्ये विनोबा तिथे परतले आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला तिथेच त्यांनी देह ठेवला.

आपलं हॉस्टेल बघा. लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की चौथ्या मजल्यावर बोंब. मेसची मावशी दोन दिवस आली नाही की तिचं नाव सगळ्यांना आठवतं. आपण रोज कितीतरी हातांवर जगतो, फक्त ते हात दिसत नाहीत. पवनारच्या रहाटावर ते दिसायचे, कारण शेजारीच दांड्याला लागलेले असायचे.

वर्ध्याहून पवनार ८-१० किलोमीटर आहे. एखाद्या रविवारी सायकल काढा आणि बघून या.