दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी

गिरगावच्या फणसवाडीतून सी. पी. टँकच्या दिशेने चालू लागले की पाचदहा मिनिटांत हिराबाग धर्मशाळा लागते. या वास्तूला ज्यांचे नाव आहे ते शेठ हिराचंद गुमानजी; वास्तू उभारली ती त्यांच्या पुत्राने. स्वतःचे नाव मागे ठेवून पित्याचे नाव पुढे करणारे हे पुत्र म्हणजे दानवीर शेठ माणिकचंद.

त्यांचा जन्म सुरतेचा, सन 1851 चा. वीसा हुमड ज्ञातीचे हे दिगंबर जैन कुटुंब मूळचे मेवाडातील भिंडरचे. मोतीचंद, पानाचंद, माणिकचंद व नवलचंद या चारही बंधूंचे बालपण ओढगस्तीत गेले. पोटासाठी ते मुंबईस आले आणि मोती ओवण्याचे काम शिकले. 1870 च्या सुमारास 'माणिकचंद पानाचंद' ही पेढी सुरू झाली आणि पुढे तिचा माल युरोपच्या बाजारापर्यंत पोहोचला.

मोत्यांच्या व्यापारात घाई करणाऱ्याचे चालत नाही. चाळण्यांतून दाणे वेगळे काढणे, पाणी व घाट पाहणे, वजन करून चव काढणे, आणि मग गप्प बसून योग्य गिऱ्हाइकाची वाट पाहणे, असा हा धंदा. शेठजींनी दानधर्मालाही हीच रीत लावली. देणगीचा आकडा जाहीर करण्यापूर्वी जागा कोणती, देखरेख कोणाची आणि दहा वर्षांनी खर्च कशातून चालणार हे त्यांना ठरलेले हवे असे. ताडदेवची जुबिली बाग ही मिळकत त्यांनी धर्मादायास लावून दिली ती याच विचाराने. भाड्याचे उत्पन्न येत राहील आणि संस्था दरवर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरणार नाहीत.

समाजातील बहुतेकांची दृष्टी त्या काळी वेगळी होती. दान म्हणजे मंदिर, बिंबप्रतिष्ठा, रथयात्रा असा सर्वसाधारण समज होता, आणि तो अनादराने पाहण्यासारखा मुळीच नव्हता. त्या श्रद्धेनेच तीर्थे टिकली. शेठजी स्वतः नित्य दर्शन-पूजन करणारे श्रावक. तीर्थांसाठी त्यांनी सढळ हाताने दिले. पण खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलाला शुद्ध भोजन आणि राहायला खोली मिळाली नाही तर तो शिक्षण तरी सोडील किंवा आचार तरी, ही चिंता त्यांना होती. म्हणून मुंबईत पित्याच्या नावाने जैन बोर्डिंग निघाले, अहमदाबादेस निघाले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी उत्तेजन दिलेल्या दिगंबर जैन बोर्डिंगलाही त्यांच्या दानाचा आधार लाभला. पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राने ज्यांना गौरविले ते भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत याच बोर्डिंगात होते.

1902 साली मथुरेस भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली आणि तिचे महामंत्रिपद शेठजींकडे आले. पुढे अनेक दशके कमिटीची कचेरी हिराबागेत होती. क्षेत्रांच्या मिळकतींचे कागद व हिशोब एका दप्तरी आणणे हे काम वाटते तितके सोपे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कारभार पाहणाऱ्यांना हिशोब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे वाटे. समाज किती, कोठे आणि कोणत्या स्थितीत आहे हे कळल्यावाचून योजना आखता येत नाहीत, म्हणून गावोगावची माहिती गोळा करून दिगंबर जैन डिरेक्टरी तयार करण्याच्या कामाला त्यांनी पाठबळ दिले. हा ग्रंथ 1914 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला.

छापील ग्रंथांचा वाद तर फारच तीव्र होता. यंत्रावर शास्त्र छापणे म्हणजे जिनवाणीचा अविनय, असे मोठमोठ्या पंडितांचे व श्रीमंतांचे मत होते. हस्तलिखिताला चौरंगावर ठेवून वंदन करणाऱ्या समाजाला बाजारात विकले जाणारे पुस्तक खटकणे स्वाभाविकच होते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारखे सहकारी लेखणीने उघड झुंज देत. माणिकचंद शेठांनी वादात आवाज चढवला नाही. नवा चांगला ग्रंथ छापला की त्याच्या बऱ्याच प्रती ते एकदम विकत घेत आणि मंदिरांना, विद्यार्थ्यांना वाटीत. प्रकाशकाचा खर्च सुटे व पुढच्या ग्रंथाची तयारी सुरू होई. पं. नाथूराम प्रेमी कारकून म्हणून मुंबईत आले आणि 1912 मध्ये त्यांनी हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय काढले, तेही हिराबागेतच.

त्यांच्या अगदी उलट स्वभावाचे एक सहकारी म्हणजे पं. गणेशप्रसाद वर्णी. काशीत जैन विद्यालय व्हावे या ध्यासाने, मिळालेल्या एका रुपयाची त्यांनी 64 पोस्टकार्डे घेतली आणि 64 जणांना पत्रे धाडली. ना जागा, ना निधी, ना कमिटी. शेठजींच्या रीतीत हे बसणारे नव्हते. तरीही 1905 च्या श्रुतपंचमीस त्या स्याद्वाद विद्यालयाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. आधी आराखडा की आधी आरंभ, हा प्रश्न त्यांनी तेथे उपस्थित केला नाही.

सर्वांत दीर्घ कसोटी लागली ती मूडबिद्रीस. सन 1883 मध्ये संघासह यात्रेस गेले असता शेठजींना रत्नप्रतिमांबरोबर धवला, जयधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांचे दर्शन घडले. दर्शन होत होते, वाचन होत नव्हते. जुनी कानडी लिपी वाचणारे श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री तेवढे उरले होते. ताडपत्रे जीर्ण होत चालली होती. शेठजींनी ही गोष्ट हिराचंद नेमचंद यांच्या कानी घातली. ते स्वतः जाऊन पाहून आले, तरी प्रत्यक्ष नकला सुरू व्हायला 1896 च्या सुमारास मुहूर्त लागला. वर्गणी जमली, ब्रह्मसूरी शास्त्री व मिरजेचे गजपती उपाध्याय लिहू लागले. शास्त्रीजी मध्येच निवर्तले, काम पुढे चालले.

येथे मतभेद मुळाशीच होता. मूडबिद्रीच्या पंचांना ग्रंथ जतन करायचे होते, आणि जतन म्हणजे ते मंदिराबाहेर न जाऊ देणे. शतकानुशतके त्यांनी ते सांभाळले होते; तसे केले नसते तर नक्कल करायला काही उरलेच नसते. मुंबई-सोलापूरच्या मंडळींच्या लेखी जतन म्हणजे प्रती अनेक ठिकाणी असणे. नकला झाल्या तरी त्या बाहेर नेण्यास पंच राजी झाले नाहीत. शेठजींचे धोरण मन वळवण्याचे राहिले. गजपती उपाध्यायांनी मात्र आपल्या घरी गुप्तपणे दुसरी प्रत केली, आणि ती सहारनपूरला गेल्यावरच ग्रंथांना वाट मिळाली. शेठजींच्या सावध मार्गाने हे काम त्यांच्या हयातीत सिद्धीस गेले नाही, हे मान्य करावे लागते.

घरातही त्यांना योजना बदलावी लागली. कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. विधवेने कोपऱ्यात बसावे अशा त्या दिवसांत शेठजींनी त्यांना माहेरी आणून शिकवले, आणि लोकापवादाची पर्वा न करता समाजकार्यात पुढे केले. मुंबईतील श्राविकाश्रम मगनबाईंनी ललिताबाईंच्या साथीने चालवला. त्या जैन महिलारत्न म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांचे देहावसान 1930 मध्ये झाले.

नोव्हेंबर 1913 मध्ये इंडियन स्पेसी बँक बुडाली आणि मुंबईच्या व्यापारी पेठा हादरल्या. पुढच्याच वर्षी, जुलै 1914 मध्ये, शेठजींचे निधन झाले. ब्रह्मचारी शीतलप्रसादजींनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. भिन्न मतांच्या माणसांना एका सतरंजीवर बसवणारा दुवा निखळला. 1923 मध्ये सुधारक मंडळींनी महासभेपासून वेगळे होऊन दिगंबर जैन परिषद काढली.

त्यांच्या स्मरणार्थ माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. तिचे काम प्रेमीजींनी पाहिले आणि ग्रंथ लागत मूल्यात देण्याचा नियम ठेवला. डॉ. प. ल. वैद्यांनी संपादिलेले पुष्पदंताचे महापुराण व डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेले वरांगचरित याच मालेत आले. धवलेचा पहिला खंड प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये अमरावतीहून छापून निघाला. मूडबिद्रीच्या त्या दर्शनाला तेव्हा 56 वर्षे झाली होती.