विश्लेषण : १९००मध्येच चाकात मोटर, तरी इलेक्ट्रिक कार मागे का पडली? फर्डिनांड पोर्शेंची गोष्ट काय सांगते?

पोर्शे कंपनीची ‘मॅकॅन’ ही एसयूव्ही जानेवारी २०२४मध्ये पूर्णपणे विजेवर धावणाऱ्या रूपात सादर झाली. तिच्या ‘टर्बो’ आवृत्तीची कमाल ताकद ६३९ अश्वशक्ती आहे आणि ती ३.३ सेकंदांत ताशी १०० किमीचा वेग गाठते. पेट्रोल इंजिनांच्या आवाजावर नाव कमावलेल्या कंपनीने विजेची कास धरली, याचे अनेकांना नवल वाटले. पण ज्यांचे नाव या गाडीवर आहे, त्या फर्डिनांड पोर्शे यांची कारकीर्द विजेपासूनच सुरू झाली होती. चारही चाकांना स्वतंत्र मोटर असलेली कार त्यांनी १९००मध्येच बनवली. मग पुढची शंभर वर्षे पेट्रोलची कशी झाली? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते आणि ते बरेचसे बॅटरीच्या वजनाभोवती फिरते.

पत्र्याच्या दुकानातून व्हिएन्नाला…

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ गावी झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात लिबेरेट्स शहराला लागून आहे. वडील अँटोन यांचा पत्र्याच्या कामाचा कारखाना होता. थोरल्या भावाचा अपघातात मृत्यू झाल्यावर हा व्यवसाय फर्डिनांड यांनीच सांभाळायचा, हे घरात ठरल्यासारखे होते. पण मुलाचे मन पत्र्यात नव्हते. गावातल्या गालिच्यांच्या गिरणीत विजेचे दिवे होते आणि ते या मुलाच्या डोक्यात बसले होते. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम, संध्याकाळी तंत्रशाळेचे वर्ग आणि उरल्या वेळात विजेचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. अखेर त्यांनी स्वतःच्या घरातही विजेचे दिवे लावून दाखवले.

१८९३मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नातील बेला एगर या विद्युत कंपनीत कामाला लागले. तिथल्या तंत्र विद्यापीठात त्यांचे नाव कधीच नोंदले गेले नाही. वर्गात मागे जाऊन बसायचे आणि ऐकायचे, एवढेच त्यांचे उच्च शिक्षण. तरी चारेक वर्षांत ते कंपनीच्या चाचणी विभागाचे प्रमुख झाले. (त्याच विद्यापीठाने १९१७मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली.)

चाकातच मोटर बसवण्याची कल्पना काय होती?

व्हिएन्नात राजघराण्यासाठी बग्ग्या बनवणारी लोनर नावाची जुनी पेढी होती. तिचे मालक लुडविग लोनर यांना पेट्रोल गाड्यांचा धूर आणि खडखडाट खटकत असे. त्यांनी तरुण पोर्शे यांना आपल्याकडे घेतले.

त्या काळी मोटारीची ताकद चाकापर्यंत पोहोचवायची म्हणजे पट्टे, साखळ्या आणि दातेरी चक्रांची मोठी उतरंड लागे. प्रत्येक टप्प्यावर थोडी शक्ती वाया जाई, शिवाय आवाज आणि देखभाल वेगळीच. पोर्शे यांनी हे सगळे मधले टप्पे काढून टाकले आणि मोटर थेट पुढच्या चाकाच्या तुंब्यात बसवली. गिअर नाही, साखळी नाही. वीज सोडली की चाक फिरू लागते. आज आपल्याकडच्या अनेक साध्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकात जी गोल, जाडजूड मोटर दिसते, तिची कल्पना हीच.

‘लोनर-पोर्शे’ ही कार १९००च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. शिसे-आम्लाच्या ४४ सेलची बॅटरी, दोन मोटरींची प्रत्येकी अडीच अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे ३७ किमी आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे ५० किमीचा पल्ला. आज हे आकडे किरकोळ वाटतात, पण घोडागाड्यांच्या पॅरिसमध्ये आवाज न करता धावणारी ही गाडी लोकांनी डोळे भरून पाहिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्शे यांनी स्वतः अशी एक गाडी ऑस्ट्रियातील सेमरिंग घाटात पळवली. दहा किलोमीटरची चढण त्यांनी १५ मिनिटांच्या आत पार केली, म्हणजे सरासरी वेग ताशी ४० किमी. आपली यंत्रे आपणच शर्यतीत चालवून पाहायची, ही सवय त्यांना पुढे बरीच वर्षे होती.

मग अडले कुठे?

इंग्लंडमधील ल्यूटन येथील ई. डब्ल्यू. हार्ट या गिऱ्हाइकाला आणखी जोरकस गाडी हवी होती. पोर्शे यांनी त्यांच्यासाठी चारही चाकांत मोटर असलेली कार तयार केली. ‘फोर व्हील ड्राइव्ह’ प्रवासी गाड्यांच्या इतिहासात हिचे नाव अगदी सुरुवातीला येते. पण या गाडीच्या बॅटरीचेच वजन सुमारे १,८०० किलो होते आणि सगळी गाडी जवळपास चार टनांची. म्हणजे गाडीची बरीचशी ताकद स्वतःची बॅटरी वाहण्यातच खर्ची पडत होती.

यामागचे गणित सोपे आहे. शिसे-आम्ल बॅटरीत एका किलोमागे साधारण ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते. एक किलो पेट्रोलमध्ये जवळपास १२,००० वॉट-तास असते. इंजिन त्यातली बरीच उष्णतेत घालवते, तरीही उरलेली ऊर्जा बॅटरीच्या कितीतरी पट असते. बॅटरी वाढवली तर वजन वाढते. वजन वाढले की टायर, स्प्रिंगा, ब्रेक सगळेच जड करावे लागते, आणि पल्ला मात्र त्या मानाने वाढत नाही.

पोर्शे यांनी यावर काढलेला तोडगा त्यांच्या हुशारीची सर्वात चांगली खूण आहे. त्यांनी मोटरी ठेवल्या आणि बॅटरी कमी केली. गाडीत दोन छोटी पेट्रोल इंजिने बसवली. ती चाकांना जोडलेलीच नव्हती. त्यांचे काम फक्त जनरेटर फिरवून वीज तयार करणे. ‘सेम्पर व्हिवुस’ नावाची ही गाडी पहिल्या चालत्या हायब्रिड गाड्यांपैकी मानली जाते. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ सदा जिवंत. त्यातून पुढे ‘मिक्स्टे’ ही विक्रीची गाडी निघाली, जिच्यात डायमलरचे मोठे इंजिन होते. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिने याच तत्त्वावर चालतात : डिझेल इंजिन वीज बनवते आणि चाकांजवळच्या मोटरी ती वापरतात. पण रस्त्यावरच्या गाडीत इंजिन, जनरेटर आणि मोटरी असे तिन्ही घ्यायचे म्हणजे खर्च आणि गुंतागुंत दोन्ही वाढतात. दरम्यान साधी पेट्रोल गाडी स्वस्त आणि भरवशाची होत गेली. लोनर यांचा पैसा प्रयोगांत आटत चालला आणि १९०६मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डायमलर कंपनीत तांत्रिक प्रमुख म्हणून गेले.

विजेचा नाद सुटला का?

नाही, पण तो रस्त्यावरून रणांगणाकडे वळला. पहिल्या महायुद्धात अजस्र तोफा ओढण्यासाठी पोर्शे यांनी जी वाहने बनवली, त्यांत पुढच्या ट्रॅक्टरवरील जनरेटर मागच्या प्रत्येक डब्याच्या चाकांतील मोटरींना वीज पुरवत असे. म्हणजे ‘मिक्स्टे’चीच कल्पना, फक्त आगगाडीएवढी ताणलेली.

नंतरची वाटचाल बहुतेकांना ठाऊक असते. १९२३मध्ये स्टुटगार्टला डायमलर, तिथे मर्सिडीजच्या गाजलेल्या सुपरचार्ज गाड्या, मग काही काळ ऑस्ट्रियातील श्टायर आणि १९३१मध्ये स्टुटगार्टला स्वतःचे आरेखन कार्यालय. या कार्यालयात अडॉल्फ रोझेनबर्गर हे भागीदार होते; पैसा उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ते ज्यू होते. १९३५मध्ये त्यांचा दहा टक्के हिस्सा अगदी नाममात्र किमतीत त्यांच्याकडून गेला, त्याच वर्षी त्यांना काही काळ छळछावणीत डांबण्यात आले आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. कंपनीच्या इतिहासात त्यांचे नाव कित्येक दशके जवळपास दिसतच नव्हते.

हिटलरच्या राजवटीत पोर्शे यांचा उत्कर्ष झाला. १९३४मध्ये जनतेच्या स्वस्त गाडीचे, म्हणजे पुढच्या ‘बीटल’चे काम त्यांना मिळाले. १९३७मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. फोक्सवॅगनच्या ज्या कारखान्याच्या कारभारात ते होते, तिथे युद्धकाळात हजारो युद्धकैदी, छळछावणीतील बंदी आणि परदेशातून पकडून आणलेले लोक सक्तीने राबवले गेले. पोर्शे यांना राजकारणात रस नव्हता, ते केवळ यंत्रांत रमणारे होते, असे चित्र बरेचदा रंगवले जाते. पण कारखाना चालवणाऱ्याला तिथे कोण राबते हे दिसत नव्हते, असे म्हणता येत नाही.

याच काळात त्यांनी जुना प्रयोग पुन्हा केला. टायगर रणगाड्यासाठी त्यांनी दिलेल्या आराखड्यात पेट्रोल इंजिने जनरेटर फिरवत आणि विद्युत मोटरी पट्टे. तांब्याची टंचाई असताना भरपूर तांबे खाणारी ही रचना चाचण्यांत वारंवार बिघडली आणि कंत्राट हेन्शेल कंपनीला गेले. तयार झालेल्या सुमारे ९० सांगाड्यांवर रणगाडाभेदी तोफा चढवण्यात आल्या. सुमारे ६५ टनांच्या या वाहनांना नाव मिळाले ‘फर्डिनांड’. १९४३मध्ये ती कुर्स्कच्या लढाईत उतरली.

युद्धानंतर फ्रेंचांनी पोर्शे यांना अटक केली. खटल्याविना सुमारे वीस महिने कैदेत काढून ते ऑगस्ट १९४७मध्ये सुटले. पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स कार, ‘३५६’, मुलगा फेरी याने १९४८मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे साकारली. ती पेट्रोलवर चालणारी होती. ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टमध्ये फर्डिनांड पोर्शे यांचे निधन झाले.

आजच्या एसयूव्हीत त्यांचे काय उरले?

गिअर बदलायची गरज नाही, ही पहिली गोष्ट. विद्युत मोटर थांबलेल्या अवस्थेतही पूर्ण जोर लावू शकते, म्हणून जड एसयूव्हीही सेकंदांत वेग घेते. दुसरी गोष्ट, पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा दांडा नसताना फोर व्हील ड्राइव्ह. मॅकॅन टर्बोत पुढे एक आणि मागे एक मोटर आहे. चाक घसरू लागले की साधारण दहा मिलिसेकंदांत दोन्हींतील ताकदीची वाटणी बदलते. हार्ट यांच्या गाडीत हे काम चालकाच्या हातांना करावे लागे.

चाकातली मोटर मात्र गेली. स्प्रिंगच्या खाली असलेले वजन जितके जास्त, तितके चाक खड्ड्यात आदळते आणि रस्ता सोडते. ‘सेम्पर व्हिवुस’चे पुढचे एकेक चाक मोटरीसह २७२ किलोचे होते, ताशी ३५ किमीला ते चालून गेले. मॅकॅन टर्बो ताशी २६० किमीपर्यंत जाते, म्हणून तिच्या मोटरी गाडीच्या अंगात, स्प्रिंगच्या वर आहेत. दुसरा बदल विद्युत दाबाचा. १९००च्या गाडीत तो ८० व्होल्टच्या आसपास होता, आज ८०० आहे. दाब दहापट केला की तितक्याच ताकदीला दहावा हिस्सा प्रवाह पुरतो. तारा बारीक राहतात आणि कमी तापतात. त्यामुळेच योग्य चार्जर मिळाल्यास २७० किलोवॉटपर्यंतच्या वेगाने बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर यायला सुमारे २१ मिनिटे लागतात.

आणि बॅटरी? लिथियम-आयनची ही १०० किलोवॉट-तासांची बॅटरी सुमारे ५७० किलोची आहे, म्हणजे किलोमागे साधारण १७५ वॉट-तास. ती आसनांखाली जमिनीलगत पसरलेली असल्याने गाडीचा भार खाली राहतो. युरोपीय चाचणीत मॅकॅन टर्बोचा पल्ला ५९१ किमीपर्यंत भरतो. थंडीत किंवा सुसाट चालवल्यास तो बराच घटतो. गाडी अजूनही जडच आहे, सुमारे २.४ टन. त्यात बॅटरीचा वाटा पाव हिश्शाहून कमी आहे. हार्ट यांच्या गाडीत तो निम्म्याच्या जवळ होता.