आचार्य धर्मानंद कोसंबी : विद्येचा सहवास

बौद्ध विद्येचे ज्ञान मराठी वाचकाच्या दारी आणून ठेवणाऱ्या विद्वानांत आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या चरित्राचा विचार करताना त्यांच्या त्यागाचा आणि व्यासंगाचा गौरव नेहमी होतो व तो योग्यही आहे. परंतु हा व्यासंग घडला तो एकांतात नव्हे. परदेशी विहारांत, अनोळखी भाषा बोलणाऱ्या सहाध्यायांच्या पंगतीत बसून तो घडला. गोव्यातील एका खेड्यात नारळाची बाग सांभाळणाऱ्या तरुणाचा आचार्य झाला, त्याचे मर्म या सहवासात शोधावे लागेल.

अणशीचा घाट उतरून कारवार गाठावे आणि काळी नदी ओलांडून उत्तरेस जावे, म्हणजे गोव्याची हद्द लागते. या पट्ट्यात घरात कोंकणी बोलणारी कितीतरी कुटुंबे वाचनासाठी मात्र मराठी पुस्तक हाती घेत. अशाच एका सारस्वत कुटुंबात, साखवाळ या गावी, ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंदांचा जन्म झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. प्रकृती नाजूक, गावात शिक्षणाची सोय तुटपुंजी आणि घरच्या बागायतीचा भार, यांमुळे त्यांचे शालेय शिक्षण नावापुरतेच झाले. लहान वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या आयुष्याची चौकट जणू आखून ठेवलेली होती.

ती चौकट मोडली एका मासिकाने. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मुलांसाठी चालविलेल्या ‘बालबोधमेवा’ या मासिकात बुद्धाविषयीचा एक लेख १८९७ च्या सुमारास त्यांच्या वाचनात आला. पाठोपाठ गोविंद नारायण काणे यांचे बुद्धचरित्र त्यांना मिळाले. ते त्यांनी पुनःपुन्हा वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घेतल्याखेरीज आपल्या जगण्यास अर्थ नाही, अशी त्यांची खात्री झाली. वाचनाने ध्यास दिला. परंतु मूळ ग्रंथ कोणत्या भाषेत आहेत आणि ते कोण शिकवील, याचे उत्तर साखवाळीत मिळण्याजोगे नव्हते. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्यांची कन्या माणिक तेव्हा तान्ही होती.

या गृहत्यागाचा विचार करताना बाळाबाईंचे विस्मरण होता कामा नये. पती कोठे आहे, परत येईल की नाही, हे ठाऊक नसताना या माउलीने सुमारे सात वर्षे मुलीला वाढविले. धर्मानंदांच्या विद्येची पहिली किंमत त्यांनी मोजली आहे. त्यांच्या हालांची नोंद कोणत्याही विद्यापीठात झालेली नाही.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा आश्रय, नंतर काशीस अन्नछत्रात जेवून केलेले संस्कृतचे अध्ययन, असा प्रवास करीत १९०२ च्या आरंभी ते नेपाळात गेले. जिवंत बौद्ध धर्म तेथे पाहावयास मिळेल ही त्यांची आशा फोल ठरली. बुद्धगयेस भेटलेल्या एका भिक्षूने त्यांना सिंहलद्वीपाची वाट दाखविली. त्याच वर्षी ते कोलंबोस पोहोचले.

कोलंबोचे विद्योदय परिवेण हे विद्यालय हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केले होते. तेथे धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पाली ग्रंथ सिंहली लिपीत, अवतीभवतीचे बोलणे सिंहली भाषेत आणि भोजन मध्यान्हापूर्वी एकदाचे आटोपलेले, अशा नव्या शिस्तीत या गोमंतकीय तरुणाने अध्ययनास प्रारंभ केला. काशीत त्यांनी विद्या मिळविली होती, पण मनातील हेतूस तेथे सोबती नव्हता. विद्योदयात ज्या विषयासाठी ते घर सोडून आले तोच सर्वांच्या अभ्यासाचा विषय होता. पाठांतर सामुदायिक, शंका सर्वांसमोर विचारावयाची आणि गुरूच्या तोंडून तिचे निरसन ऐकावयाचे, ही परंपरेची रीत त्यांना लाभली. केवळ छापील पोथीवरून पाली शिकणाऱ्याला ती लाभत नाही.

संघाचा आणखी एक संस्कार होता. विनयाच्या नियमानुसार भिक्षूचे ज्येष्ठत्व उपसंपदेपासूनच्या वर्षांवर मोजतात, कुळावर नव्हे. सिंहलद्वीपातील संघ जातिभेदापासून सर्वस्वी अलिप्त होता असे मात्र म्हणता येत नाही. तरीही परक्यांच्या पंक्तीत सर्वांत धाकटा विद्यार्थी होऊन बसताना आपल्या सारस्वत कुळाचा अभिमान बाळगण्यास जागाच उरत नव्हती. त्यांच्या पुढील लिखाणातील समतेच्या आग्रहाचे मूळ येथे असावे.

तेथील अन्न न मानवल्यामुळे १९०३ मध्ये त्यांना सिंहलद्वीप सोडावे लागले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी उपसंपदा घेतली. १९०४ च्या सुमारास सगाईंच्या डोंगरातील गुहांत ध्यानाचा अभ्यास करताना त्यांचे सोबती होते ज्ञानतिलोक हे जर्मनीत जन्मलेले भिक्षू. एक गोव्याचा, दुसरा जर्मनीचा, आणि दोघेही ब्रह्मी गुरूचे शिष्य!

१९०६ मध्ये ते स्वदेशी स्थिरावले. भिक्षुवस्त्रे उतरवून त्यांनी पुन्हा संसार स्वीकारला आणि कलकत्त्यास पालीचे अध्यापन आरंभिले. तेथील अधिक वेतनाची जागा सोडून त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. महाराष्ट्रात राहावे आणि दरवर्षी एक ग्रंथ लिहावा, एवढीच त्यासाठी अट होती. जे आपण परक्या लिप्यांतून शिकलो ते मराठी माणसाला मराठीतून मिळावे, ही तळमळ या निर्णयामागे होती.

१९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे निमंत्रण आले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्यासमवेत पुरे करावयाचे होते. संपादनाचे श्रेय कोणाचे, या प्रश्नावरून मतभेद झाला आणि १९१२ मध्ये धर्मानंद परतले. सहवासाने नेहमी स्नेहच वाढतो असे नाही, हेही त्यांनी अनुभविले. परंतु ग्रंथाशी त्यांनी वैर धरले नाही. ते पुन्हा हार्वर्डला गेले. १९४० मध्ये त्यांची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्याभवनाने प्रसिद्ध केली आणि हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या पश्चात १९५० मध्ये निघाली.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे वर्ग चालविले. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे शिष्य तेथे तयार झाले आणि महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची परंपरा रुजली. १९१८ मध्ये अमेरिकेस जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर या मुलांनाही बरोबर नेले. दामोदर पुढे गणित व इतिहास या दोन्ही क्षेत्रांत जगन्मान्य झाले. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात मुनी जिनविजय, पंडित सुखलाल यांच्यासारख्या जैन विद्वानांच्या बरोबरीने त्यांनी काम केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगला. श्रमिकांच्या वस्तीत, मुंबईच्या परळ भागात, १९३७ मध्ये बहुजनविहार उभा केला. ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ यांमुळे ते घरोघरी पोहोचले.

शरीर थकले, इतरांवर आपला भार पडू लागला, असे वाटल्यावर त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग स्वीकारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ गांधीजींनी पुतळ्याची वा मंदिराची कल्पना मांडली नाही. पाली शिकण्यासाठी काही विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपास पाठवावे, अशी योजना त्यांनी पुढे आणली. साखवाळच्या तरुणाने ४५ वर्षांपूर्वी एकट्याने धरलेली ती वाट होती. या वेळी तिच्यावरून निघणाऱ्यांना सोबत मिळणार होती.