टीम कोणी निवडायची?

टीम जाहीर झाली की आपल्या टीव्ही रूममध्ये जी चर्चा रंगते तिला तोड नाही. ह्याला का घेतलं, त्याला का वगळलं, तो कोणाचा माणूस, हा कोणत्या झोनचा... मेसमधली भाजी गार होते पण वाद गार होत नाही. आपल्या क्रिकेटमध्ये निवडसमिती वेगळी, कोच वेगळा, कॅप्टन वेगळा. जिंकलो तर सगळ्यांचे फोटो, हरलो तर शिव्या मात्र कोच आणि कॅप्टनला!

टीम एकाने निवडायची आणि निकालाचं उत्तर दुसऱ्याने द्यायचं, हे बरोबर आहे का? १९७४ साली वेल्स नावाच्या छोट्याशा देशात एका मास्तरने हाच प्रश्न विचारला, आणि त्यापायी आयुष्यातलं सगळ्यात मोठं पद सोडून दिलं. त्यांचं नाव कार्विन जेम्स. खेळ रग्बी. ते कॉलेजात शिकवायचे, म्हणून मी त्यांना आपलं जेम्ससर म्हणतो.

रग्बी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना चिखलात एकमेकांवर पडलेली धिप्पाड माणसं आठवतात. खरं तर आपला आणि रग्बीचा संबंध जुना आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या 'कलकत्ता कप'साठी खेळतात, तो कप कलकत्त्याच्या एका बंद पडलेल्या क्लबच्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून केलेला आहे. त्याच्या झाकणावर हत्ती आहे आणि कड्या नागाच्या आकाराच्या! असो. युनियन रग्बीत एका बाजूला पंधरा खेळाडू. त्यातले आठ 'फॉरवर्ड', म्हणजे रेटारेटी करून चेंडू मिळवणारे. सात 'बॅक', म्हणजे तो चेंडू घेऊन पळणारे. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. या सगळ्यांच्या मधोमध 'फ्लाय हाफ' नावाचा एक डोकेबाज प्राणी असतो. पास द्यायचा, किक मारायची की स्वतः घुसायचं, हे तो ठरवतो. जेम्ससर स्वतः फ्लाय हाफ होते.

त्यांचा जन्म १९२९ चा. गाव केव्हनेथिन, वेल्सच्या दक्षिणेकडचं कोळसा खाणीचं गाव. वडील खाणकामगार. घरात, गल्लीत, प्रार्थनेत भाषा वेल्श. इंग्रजी ही शाळेची आणि साहेबाची भाषा. मराठी शाळेतून थेट इंजिनिअरिंगला आलेल्यांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायला नको. खाणकामगाराचा हा मुलगा ग्रामर स्कूलमध्ये गेला, तिथून ॲबरिस्टविथच्या कॉलेजात, आणि त्याने विषय घेतला वेल्श साहित्य. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत त्यांना नौदलात पाठवलं, तिथे ते रशियन शिकले. मग मास्तरकी. आधी शाळेत आणि नंतर ट्रेनिंग कॉलेजात वर्गात कविता शिकवायच्या आणि मैदानावर रग्बी. मला वाटतं त्यांच्यासाठी हे दोन वेगळे विषय नव्हतेच. कविता शिकवणारा मास्तर पोराला अर्थ सांगून टाकत नाही, तो त्याला शोधू देतो. रग्बीही ते तशीच शिकवायचे.

खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला फार आलं नाही. ते लानेली या क्लबकडून खेळायचे, पण त्यांच्याच काळात आणि त्यांच्याच जागेवर वेल्सकडे क्लिफ मॉर्गन नावाचा महान खेळाडू होता. त्यामुळे देशासाठी फक्त दोन सामने मिळाले, तेही दोन्ही १९५८ मध्ये. एक ऑस्ट्रेलियाविरुद्ध, दुसरा फ्रान्सविरुद्ध, आणि फ्रान्सविरुद्ध तर आपली जागा सोडून सेंटरला खेळावं लागलं. म्हणजे निवडसमितीच्या बंद दाराबाहेर उभं राहणं काय असतं, ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

१९७० हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेचा संघ लानेलीला खेळायला आला. तिथे वर्णभेद जोरात होता आणि त्यांच्या संघात फक्त गोरे खेळाडू असायचे. जेम्ससरांनी आपल्या पोरांची तयारी करून घेतली, सामन्याआधी त्यांना सगळं समजावलं. पण पोरं मैदानावर गेल्यावर स्वतः ड्रेसिंग रूममध्येच बसून राहिले. सामना बघितलाच नाही. हा त्यांचा निषेध. लानेली एका गुणाने हरलं. टीमचं नुकसान होऊ द्यायचं नाही आणि तत्त्वही सोडायचं नाही, असा हा मार्ग. त्याच वर्षी ते प्लाइड कुम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षातर्फे निवडणुकीला उभे राहिले आणि हरले.

आणि मग आलं १९७१. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चौघांचा मिळून एक संघ काही वर्षांनी दौऱ्यावर जातो, त्याला 'लायन्स' म्हणतात. त्या वर्षी दौरा होता न्यूझीलंडचा. न्यूझीलंडच्या 'ऑल ब्लॅक्स'ना त्यांच्या घरी मालिकेत हरवणं लायन्सना तोवर एकदाही जमलं नव्हतं. या संघाचे कोच म्हणून नेमले गेले जेम्ससर. गंमत बघा, ज्यांनी स्वतःच्या देशाच्या संघाला कधी कोचिंग केलं नव्हतं त्यांच्या हाती चार देशांचे खेळाडू दिले!

चार देशांचे खेळाडू एकत्र आणणं म्हणजे चार ब्रँचच्या पोरांना एका प्रोजेक्टमध्ये टाकण्यासारखं. प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. सरांनी सगळ्यांना एका साच्यात कोंबलं नाही. फॉरवर्डच्या डावपेचांत आयर्लंडचा प्रॉप रे मॅक्लॉक्लिन जाणकार, तर त्याच्याकडून शिकून घेतलं. फ्लाय हाफ होता बॅरी जॉन, तोही केव्हनेथिनचाच, सरांच्या गावचा. तो मनस्वी. त्याला मोकळं सोडलं. कॅप्टन जॉन डॉज शांत डोक्याचा, त्याच्याशी सतत बोलणं ठेवलं.

पहिल्या कसोटीच्या आठवडाभर आधी कॅन्टरबरीविरुद्ध सामना झाला. सामना कसला, मारामारीच ती. लायन्स जिंकले, पण स्कॉटलंडचा सँडी कारमायकल गालाचं हाड मोडून आणि मॅक्लॉक्लिन अंगठा मोडून दौऱ्याबाहेर गेले. हे दोघेही प्रॉप, म्हणजे स्क्रमचे खांब. इमारतीचे दोन कॉलम एकदम गेले तर स्लॅबचं काय होईल, ते सिव्हिलवाल्यांनी सांगावं. त्यांच्या जागी निवडले इयन मॅक्लॉकलन आणि शॉन लिंच. मॅक्लॉकलन हा प्रॉपच्या मानाने चणीने लहान, त्याला 'मायटी माउस' म्हणायचे. २६ जूनला ड्युनेडिनमध्ये पहिली कसोटी झाली. ऑल ब्लॅक्स जवळजवळ सगळा वेळ लायन्सच्या अर्ध्यात ठाण मांडून होते, पण लायन्स ९-३ ने जिंकले. त्यांचा एकमेव ट्राय कोणी केला? याच मायटी माउसने, समोरच्याची किक अंगावर घेऊन! बॅरी जॉन त्या दिवशी न्यूझीलंडचा फुलबॅक मॅककॉर्मिकला किका मारमारून इतका पळवत होता, की पुढच्या कसोटीत न्यूझीलंडने मॅककॉर्मिकलाच वगळलं.

दुसरी कसोटी लायन्स १२-२२ हरले. न्यूझीलंडच्या सिड गोइंग या स्क्रम हाफने त्यांना नाचवलं. आता खरी परीक्षा निवडीची. सरांनी फॉरवर्डमध्ये दोन बदल केले. गॉर्डन ब्राउनला आत घेतलं. आणि पीटर डिक्सनला वगळून निवडला डेरेक क्विनेल, ज्याला वेल्सच्या निवडसमितीने तोवर एकदाही देशाची जर्सी दिली नव्हती! त्याचं मुख्य काम एकच : सिड गोइंगला श्वास घेऊ द्यायचा नाही. क्विनेलने ते चोख केलं आणि लायन्स १३-३ जिंकले. चौथ्या कसोटीत डिक्सन परत आला आणि वगळला गेल्याचा राग न धरता त्यानेच ट्राय केला. सामना १४-१४ बरोबरीत सुटला. मालिका २-१! दौऱ्यातले न्यूझीलंडमधले २४ सामने, त्यातले २२ जिंकले, एक हरले, एक बरोबरीत. चार कसोटींत लायन्सचे ४८ गुण झाले, त्यातले ३० एकट्या बॅरी जॉनचे. न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकणं लायन्सना आजतागायत पुन्हा जमलेलं नाही.

मला या सगळ्यात क्विनेलची निवड सगळ्यात जास्त आवडते. पंधरा उत्तम खेळाडू गोळा करणं म्हणजे निवड नव्हे. समोर कोण आहे, काम कोणतं आहे, आणि त्या कामाला कोण बसतो, हे बघून निवड होते. आणि तशी निवड करायला, खेळ कसा खेळायचा हे ज्याच्या डोक्यात आहे त्याच्याच हातात यादी असावी लागते.

घरी परतल्यावर इंग्लंडच्या राणीकडून ओबीई हा किताब देऊ केला गेला, तो सरांनी नम्रपणे नाकारला. पुढच्या वर्षी ऑल ब्लॅक्स वेल्सला आले. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी सरांच्या लानेलीने, म्हणजे एका कामगारवस्तीच्या क्लबने, त्यांना ९-३ ने हरवलं. त्या रात्री गावातल्या पबमधली बिअर संपली, असं तिथले लोक अजून सांगतात. जानेवारी १९७३ मध्ये बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघाने कार्डिफला ऑल ब्लॅक्सना २३-११ ने हरवलं. त्या सामन्याआधी खेळाडूंशी बोलायला सरांनाच बोलावलं होतं. त्या सामन्याच्या सुरुवातीचा गॅरेथ एडवर्ड्सचा ट्राय आजही जगातला सर्वोत्तम म्हणून दाखवतात. ज्याने अजून पाहिला नसेल त्याने आज रात्री असाइनमेंट बाजूला ठेवून पाहावा.

आता १९७४. वेल्सच्या राष्ट्रीय संघाच्या कोचची जागा रिकामी होणार होती. अख्ख्या देशाला वाटत होतं, दुसरं नाव आहेच कोणाचं? पण वेल्सची पद्धत अशी, की संघ पाच निवडकर्ते निवडायचे. त्यांना 'बिग फाइव्ह' म्हणायचे. कोच हा त्यातला एक. बाकीचे युनियनने निवडून दिलेले. फाइव्ह नेशन्स ही वर्षातली मोठी स्पर्धा आली की हे पाचजण बसायचे, वाटाघाटी व्हायच्या, थोडं तुझं थोडं माझं करत पंधरा नावं ठरायची.

सरांनी युनियनला पत्र लिहून आपलं म्हणणं स्पष्ट मांडलं. कोच हाच निवडसमितीचा प्रमुख असला पाहिजे, आणि सोबत कोण बसणार हेही त्याला ठरवता आलं पाहिजे. हे मान्य होणार नाही याचा अंदाज त्यांना असावाच, कारण त्याच पत्रातून त्यांनी आपलं नाव मागे घेतलं. भांडण नाही, पत्रकार परिषदा नाहीत. कोचपद मिळालं जॉन डॉजला, म्हणजे त्यांच्याच लायन्सच्या कॅप्टनला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. डॉजच्या वेल्सने 'बिग फाइव्ह'च्या पद्धतीतच १९७६ आणि १९७८ अशी दोन ग्रँड स्लॅम मिळवली. म्हणजे पद्धत चुकीची म्हणून संघ बुडाला, असं काही झालं नाही. हातात सोन्यासारखे खेळाडू असले की समितीही चालते. मग सरांचा हट्ट वाया गेला का? होस्टेलवर माझा यावर एका मेकॅनिकलच्या मित्राशी दोन तास वाद झाला. तो म्हणतो, आधी पद घ्यायचं, आत शिरायचं, मग हळूहळू पद्धत बदलायची. बाहेर राहून काय मिळालं? त्याच्या म्हणण्यात दम आहे हे मी नाकारत नाही. पण अधिकार नसलेली जबाबदारी एकदा घेतली की माणूस हळूहळू सबबी सांगायला शिकतो, असं मला वाटतं. हरलो तर समितीमुळे, जिंकलो तर माझ्यामुळे. सरांना ती सोय नको होती. नापास झालो तर पेपर माझा असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्याची किंमत त्यांनी मोजली. पुढे काही वर्षांनी ते इटलीतल्या रोव्हिगोला कोचिंगला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९७९ मध्ये त्या क्लबला इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं. वर्तमानपत्रांत लिहिलं, रेडिओ-टीव्हीवर बोलले. पण स्वतःच्या देशाच्या संघाला त्यांनी शेवटपर्यंत कोचिंग केलं नाही. लग्न केलं नव्हतं. त्वचेच्या विकाराने फार छळलं. १० जानेवारी १९८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या एका हॉटेलात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३.

रग्बीचा पहिला वर्ल्ड कप त्यानंतर चार वर्षांनी, १९८७ मध्ये झाला. आज वर्ल्ड कपच्या आधी वेल्सचा संघ मुख्य कोच निवडतो, नावं तोच जाहीर करतो आणि उत्तरंही तोच देतो. २०१३ मध्ये लायन्सचे कोच वॉरन गॅटलंड यांनी निर्णायक कसोटीतून ब्रायन ओड्रिस्कॉल या दिग्गजाला वगळलं. आयर्लंडभर आरडाओरडा झाला, पण निर्णय कोणाचा होता याबद्दल कोणाला शंका नव्हती. लायन्सनी तो सामना ४१-१६ ने जिंकला. जेम्ससरांनी पत्रात जे मागितलं होतं ते आता इतकं साधं वाटतं, की एके काळी ते मागावं लागलं होतं हेच नवल.

मित्रांनो, अजून दोन-तीन वर्षांत आपणही कुठल्यातरी साइटवर, प्लँटवर नाहीतर ऑफिसात असू. कोणीतरी म्हणेल, हे काम तुझं, डेडलाइन तुझी, पण माणसं आम्ही ठरवू. घरी पैशांची गरज असेल, पहिलीच नोकरी असेल, तेव्हा बहुतेक जण हो म्हणतील आणि त्यात काही गैर नाही. फक्त तेव्हा निदान एकदा तरी, भांडण न करता, नीट शब्दांत विचारून बघा : टीम कोण निवडणार?

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी