परदेशी शिक्षणाचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, परदेशात जाऊन शिकावे असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. पण अशा शिक्षणाला किती खर्च येतो? तो कोण करतो? सगळाच खर्च पैशांत मोजता येतो का? महात्मा गांधींच्या तरुणपणाची ही हकिकत वाचा आणि तुम्हीच ठरवा.

१८८७ साली मोहनदास मॅट्रिक झाले. भावनगरच्या कॉलेजातला अभ्यास त्यांना जमेना. वडील वारले होते. कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी सल्ला दिला की, बी. ए. होण्यात चार-पाच वर्षे घालवण्यापेक्षा विलायतेला जाऊन तीन वर्षांत बॅरिस्टर व्हावे. खर्चाचा अंदाज होता चार ते पाच हजार रुपये. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

मोहनदासांनी पोरबंदरच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे मदत मागितली, पण ती मिळाली नाही. पत्नी कस्तुरबा यांचे दागिने विकावेत, असेही त्यांच्या मनात आले. शेवटी थोरले भाऊ लक्ष्मीदास यांनी पैशांची जबाबदारी घेतली. मुलगा बिघडेल अशी आईला भीती होती. मद्य-मांसाला शिवणार नाही आणि सदाचाराने वागेन, अशी शपथ मोहनदासांनी घेतली. तेव्हा तिने परवानगी दिली.

मुंबईत बोटीची वाट पाहत असताना आणखी एक संकट आले. समुद्र ओलांडणे धर्माविरुद्ध आहे, असे त्यांच्या जातीचे लोक मानत. मोहनदास ऐकेनात, म्हणून पंचांनी त्यांना जातीबाहेर टाकले. त्यांना मदत करणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरला. भावाने पैसे ज्या नातेवाइकाकडे ठेवले होते, तोही ते द्यायला घाबरला. मग दुसऱ्या स्नेह्याकडून उसने पैसे घेऊन ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते निघाले. घरी पत्नी आणि तान्हा मुलगा होता.

लंडनमध्ये सुरुवातीला त्यांचा हात सैल सुटला. त्यांनी भारी कपडे शिवले. नाच आणि व्हायोलिन शिकण्यासाठी फी भरली. मात्र रोज रात्री ते पै न् पैचा हिशेब लिहीत. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की, हा पैसा भावाच्या कष्टाचा आहे. त्यांनी दोन खोल्यांऐवजी एकच खोली घेतली. ते रोज आठ-दहा मैल पायी चालू लागले. ओटची लापशी आणि कोको स्वतः करू लागले. दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगवर आला.

जून १८९१ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि लगेच परत निघाले. आईला भेटण्याची त्यांना ओढ लागली होती. पण मुंबईला उतरल्यावर भावाने सांगितले की, आई वारली आहे. परक्या देशात धक्का बसू नये, म्हणून घरच्यांनी ही बातमी कळवली नव्हती.

पुढे सार्वजनिक कामासाठी लाखो रुपये गांधीजींच्या हाती आले. त्यांचाही हिशेब त्यांनी असाच चोख ठेवला.

मित्रांनो, उद्या तुम्ही परदेशी जायचे ठरवले, तर फी, प्रवास, राहणे आणि जेवण यांचा खर्च वहीत जरूर मांडा. पण भावाचे कष्ट, पत्नीचा एकटेपणा आणि आईची चुकलेली भेट यांची किंमत कोणत्या पानावर लिहाल? तिचा आकडा मांडता येत नाही. तरीही निघण्यापूर्वी तिचा विचार करा. आणि गेलात, तर ती वाया जाऊ देऊ नका.