गुरूविना घडलेली गुरू

जॅझ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हॉटेलातला झगमगाट, नाचणारी जोडपी आणि कानठळ्या बसवणारा वाद्यवृंद उभा राहतो. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी गुलामगिरीच्या काळात जी भक्तिगीते आणि जी दुःखाची गाणी गायिली, त्यांतून हे संगीत उगवले. एखादी धून घ्यायची, तिचा स्वरबंध आणि तिची लय सांभाळायची आणि त्या चौकटीत दर वेळी आयत्या वेळी सुचेल ते नवे मांडायचे, ही त्याची रीत. बंदिश आणि उपज यांचे नाते ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी रसिकाला हे अधिक समजावून सांगायला नको. अशी विद्या केवळ पोथीत राहत नाही. ती माणसाकडून माणसाकडे जावी लागते. मेरी लू विल्यम्स या पियानोवादिकेने ही देवघेव जन्मभर केली. विशेष हे, की तिला स्वतःला लहानपणी पियानोचा शिक्षक कधी मिळालाच नाही.

८ मे १९१० रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे तिचा जन्म झाला. आई व्हर्जिनिया पायपेटी वाजवी आणि वाजवताना मुलीला मांडीवर घेऊन बसे. तीन-चार वर्षांच्या या पोरीने एके दिवशी आईने नुकतेच वाजवलेले सूर जसेच्या तसे उमटवले आणि आई थक्क झाली. कोणत्याही आईने अशा मुलीला लगेच शिकवणी लावली असती. व्हर्जिनियाने ते कटाक्षाने टाळले. तिने स्वतः रीतसर शिक्षण घेतले होते, आणि त्यानंतर समोर कागद असल्याशिवाय तिला काही वाजवता येईनासे झाले होते. मुलीचे तसे होऊ नये म्हणून तिने शिक्षकाऐवजी वाजवणारी माणसेच घरी बोलावली. मुलीने ऐकावे आणि आपले आपण शोधावे, एवढीच तिची शिकवण.

पुढे कुटुंब पिट्सबर्ग शहरातील ईस्ट लिबर्टी या वस्तीत राहायला आले. कृष्णवर्णीय बिऱ्हाड आलेले शेजारच्या गोऱ्यांना रुचले नाही. खिडक्यांवर विटा येऊन पडू लागल्या. मग या लहानगीचे वाजवणे शेजाऱ्यांच्या कानी गेले. ते तिला आपल्या घरी वाजवायला बोलावू लागले आणि विटा थांबल्या. सावत्र वडील फ्लेचर बर्ली यांचा तिच्यावर फार जीव. ते तिला बरोबर घेऊन हिंडत. जुगाराच्या अड्ड्यांवरही नेत, आणि तिच्या वाजवण्यावर खूश होऊन लोक पैसे टाकत. ‘पियानोवाली छोटी’ म्हणून सारी वस्ती तिला ओळखू लागली. घरच्या मिळकतीला तिच्या बोटांचा हातभार असा बालपणीच लागला.

सोळा-सतराव्या वर्षी सॅक्सोफोनवादक जॉन विल्यम्स याच्याशी तिचे लग्न झाले. जॉन ओक्लाहोमातल्या एका वाद्यवृंदात गेला आणि पाठोपाठ तीही गेली. हाच वाद्यवृंद १९२९ मध्ये अँडी कर्क यांच्या हाती आला आणि ‘ट्वेल्व्ह क्लाउड्स ऑफ जॉय’ या नावाने गाजला. तेथे आरंभी तिची जागा नवऱ्याची बायको एवढीच. टल्सा गावी काही दिवस तिने अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्याकडे शववाहिका चालवण्याचेही काम केले. त्याच वर्षी कॅन्सस सिटीत ध्वनिमुद्रण ठरले असता नेहमीचा पियानोवादक आलाच नाही. ऐन वेळी हिला बोलावले. वृंदाची सारी वाजवणी तिला ऐकून पाठ होती, त्यामुळे काम अडले नाही. पुढल्याच वर्षी, १९३० मध्ये, शिकागोला तिच्या एकटीच्या पियानोची तबकडी निघाली आणि काही काळाने ती वृंदाची कायमची वादक झाली.

तिला कल्पना सुचत, पण लिहिता येत नसत. आरंभी ती तोंडाने सांगे आणि कर्क उतरवून घेत. हा द्राविडी प्राणायाम तिला मानवला नाही. कर्क यांच्याकडून स्वरलेखन शिकून ती स्वतःच वाद्यवृंदासाठी रचना लिहू लागली. कोणत्या वाद्याने केव्हा बोलायचे आणि केव्हा गप्प राहायचे, याची तिची समज विलक्षण होती. ‘वॉकिन अँड स्विंगिन’ आणि ‘फ्रॉगी बॉटम’ यांसारख्या रचनांनी कर्क यांचे नाव देशभर झाले. बेनी गुडमनसाठी १९३७ मध्ये तिने लिहिलेली ‘रोल देम’ अफाट लोकप्रिय झाली. ड्यूक एलिंग्टनसाठीही तिने रचना केल्या. पुरुषांच्या वाद्यवृंदात स्त्रीने गावे, हे त्या काळी लोकांना मान्य होते. तिने रचनाकार व्हावे आणि तिच्या लिखाणाप्रमाणे डझनभर पुरुषांनी वाजवावे, ही गोष्ट नवलाची होती. मात्र या साऱ्या कष्टांच्या मानाने पैसा हाती पडेना. १९४२ मध्ये तिने वाद्यवृंद सोडला.

न्यूयॉर्कला तिला ‘कॅफे सोसायटी’ या क्लबात काम मिळाले. बार्नी जोसेफसन यांनी १९३८ मध्ये काढलेल्या या क्लबात काळे आणि गोरे श्रोते शेजारी शेजारी बसत. त्या दिवसांत ही लहान गोष्ट नव्हती. हार्लेममधील हॅमिल्टन टेरेस या रस्त्यावर तिने बिऱ्हाड केले, आणि जॅझच्या इतिहासातील एक आगळी पाठशाळा त्या लहानशा जागेत भरू लागली. रात्रीचे कार्यक्रम संपले की उत्तररात्री तरुण वादक तेथे जमत. थेलोनियस मंक येई, बड पॉवेल येई, टॅड डॅमरन आणि डिझी गिलेस्पी येत. ‘बीबॉप’ नावाची नवी, अवघड, झपाट्याची शैली ही मंडळी घडवत होती. जुन्या पिढीतले बहुतेक कलावंत तिला नाके मुरडत होते. मेरी लू त्यांच्याहून वयाने आणि नावाने मोठी, पण तिने दार उघडे ठेवले. ती त्यांच्या रचना ऐके, चुका दाखवी, आणि त्यांचे नवे स्वरही स्वतः आत्मसात करी. तेथे फी नव्हती, वेळापत्रक नव्हते. शिकवणारीही शिकत होती, हे त्या पाठशाळेचे वैशिष्ट्य. याच काळात बारा राशींवर आधारलेली ‘झोडियाक सूट’ ही तिची दीर्घ रचना तयार झाली. १९४५ च्या अखेरीस ती टाउन हॉलमध्ये सादर झाली आणि पुढच्या वर्षी तिचे काही भाग कार्नेगी हॉलमध्ये सिंफनी वाद्यवृंदासह वाजले.

इतके सारे असूनही १९५० नंतर तिची ओढाताण सुरू झाली. १९५२ मध्ये ती इंग्लंडला गेली, तेथून पॅरिसला. गर्दी होई, टाळ्या पडत, आणि मन मात्र रिते राही. जवळची माणसे मद्याने आणि मादक द्रव्यांनी संपत होती. १९५४ मध्ये तिचा स्नेही, पियानोवादक गार्लंड विल्सन, पॅरिसमध्येच वारला. त्याच वर्षी पॅरिसच्या एका क्लबात वाजवता वाजवता ती उठली आणि निघून गेली. मायदेशी परतल्यावर तिने पियानोला जवळजवळ हात लावला नाही. मार्च १९५५ मध्ये चार्ली पार्कर हा अलौकिक सॅक्सोफोनवादक अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. मेरी लू प्रार्थनेत दिवस काढू लागली आणि १९५७ मध्ये तिने कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. आपल्या घरात ती व्यसनात सापडलेल्या वादकांना ठेवून घेई, त्यांना खाऊपिऊ घाली, पुन्हा उभे करण्याची खटपट करी. त्यासाठी तिने एक प्रतिष्ठान काढले, जुन्या वस्तूंचे दुकान चालवले. या कामात तिची पुंजी आटली.

या मौनाचा अर्थ काय लावावा? कलावंताने कलेपासून पळ काढला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या संगीताने माणसे जोडायची, त्याच्याच आसपास माणसे मोडून पडताना तिने पाहिली होती. तेव्हा आधी माणूस आणि मग संगीत, असा तिने क्रम लावला. परंतु वादकाची सेवा वाजवण्यातूनच घडते, हे धर्मगुरूंनी आणि डिझी गिलेस्पीने तिला पटवून दिले. १९५७ च्या उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या महोत्सवात गिलेस्पीच्या वाद्यवृंदाबरोबर ती पुन्हा रंगमंचावर आली. तिच्या श्रद्धेला आता संगीतात वाट मिळाली. संत मार्टिन द पोरेस या कृष्णवर्णीय संतावर तिने १९६२ मध्ये समूहगान रचले. पुढे तीन मास, म्हणजे चर्चमधील उपासनेची संगीतरूपे, रचली. त्यांतला पहिला तिने पिट्सबर्गच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत असताना लिहिला. तिसरा १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कथीड्रलमध्ये गाइला गेला. जुगाराच्या अड्ड्यावर वाजलेले संगीत मुख्य वेदीपर्यंत पोहोचले.

तरीही १९७० च्या सुमारास जॅझचे दिवस वाईट होते. तरुण पिढी रॉक संगीताच्या मागे गेली होती, क्लब एकामागून एक बंद पडत होते. साठीला आलेली मेरी लू आपल्या जुन्या मालकाकडे, बार्नी जोसेफसनकडे, काम मागायला गेली. त्यांचेही पूर्वीचे वैभव उरले नव्हते. राजकीय संशयाच्या वावटळीत ‘कॅफे सोसायटी’ केव्हाच बंद पडली होती आणि ते आता ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘द कुकरी’ नावाचे साधे उपाहारगृह चालवत होते. तेथे पियानोसुद्धा नव्हता. भाड्याने आणा, म्हणाली. त्यांनी आणला. गिऱ्हाइके जेवत असत, काट्याचमच्यांचा आवाज होत असे, आणि कोपऱ्यात ही बाई सोबतीला फक्त एक डबल बेस घेऊन वाजवत असे.

तिच्या त्या बैठकींत एक योजना असे. आधी भक्तिगीतांची छाया, मग रॅगटाइमची टकटकीत चाल; मग डावा हात खर्जात आणि मध्यात झेपा घेऊ लागे, ती कॅन्सस सिटीची स्विंग; मग बूगी-वूगीचा घोळून येणारा ठेका आणि शेवटी बीबॉपची तिरपी वळणे. श्रोत्याला नकळत साठ-सत्तर वर्षांचा इतिहास ऐकायला मिळे. ती जे वाजवी त्यातले बहुतेक तिने घडताना पाहिले होते, थोडे स्वतः घडवले होते. चित्रकार डेव्हिड स्टोन मार्टिन याने तिच्यासाठी जॅझचा वृक्ष काढला होता. त्याची मुळे दुःखात रुजलेली आणि खोडात ब्लूज. काही फांद्या मात्र निष्पर्ण. अगदी नवे प्रयोगशील संगीत त्यांत होते. दुःखाशी नाते तुटले की पाने झडतात, हे तिचे मत. असे असूनही १९७७ च्या एप्रिलमध्ये प्रयोगशीलांचा अग्रणी सेसिल टेलर याच्याबरोबर तिने कार्नेगी हॉलमध्ये दोन पियानोंचा कार्यक्रम केला. दोघांचे सूर पुरते जुळले नाहीत, पुष्कळ ठिकाणी ओढाताणच झाली. पण ज्या फांदीला पाने दिसत नाहीत तिच्याही शेजारी सत्तरीच्या उंबरठ्यावर जाऊन बसावे, याला मोठे मन लागते.

त्याच वर्षी उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाने तिला निवासी कलावंत म्हणून बोलावले. हे दक्षिणेतले विद्यापीठ. तेथे पदवीच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू लागला तो १९६३ पासून. शेजारच्याच दक्षिणी राज्यात जन्मलेली, महाविद्यालयाची पायरी न चढलेली कृष्णवर्णीय स्त्री आता तेथे प्राध्यापकांच्या पंक्तीत बसली. जॅझच्या इतिहासाचा वर्ग ती आपले व्यवस्थापक फादर पीटर ओब्रायन यांच्यासह घेई. ते बोलत, ती पियानोवर उदाहरणे देई. वर्गाला मुलांची गर्दी लोटे. विद्यार्थ्यांच्या जॅझवृंदालाही तीच शिकवी. मूत्राशयाच्या कर्करोगाने शरीर पोखरले, तरी काम शक्य तोवर चालूच राहिले. २८ मे १९८१ रोजी डरहॅम येथे, एकाहत्तराव्या वर्षी तिचे निधन झाले. ज्या पिट्सबर्गने तिला ‘पियानोवाली छोटी’ म्हटले, त्याच शहरात तिचे दफन झाले.

मागे साडेतीनशेच्या आसपास रचना उरल्या. ड्यूक विद्यापीठाने १९८३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीचे केंद्र तिच्या नावाने उघडले. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये १९९६ पासून स्त्री जॅझवादकांचा महोत्सव तिच्या नावाने भरू लागला. पण या मानसन्मानांपेक्षा तिने स्वतः हयातीत, १९८० मध्ये, स्थापलेले प्रतिष्ठान मला अधिक बोलके वाटते. लहान मुलांना जॅझ शिकवावे, हा त्याचा एक हेतू.

आपण विद्यार्थी शिक्षणाचा हिशेब तासिकांत, गुणांत आणि प्रमाणपत्रांत करतो. मेरी लूच्या हिशेबात यांतले काहीच नव्हते. आईने तिला शिक्षक दिला नाही, पण भरपूर ऐकायला दिले. तिने ते ऐकलेले स्वतःपाशी साठवून ठेवले नाही. हार्लेमच्या खोलीत, उपाहारगृहाच्या कोपऱ्यात आणि विद्यापीठाच्या वर्गात ती एकच काम करत राहिली: जे कानी आले ते पुढच्याच्या कानी घालायचे, आणि पुढचा काय म्हणतो तेही ऐकायचे. परंपरा टिकते ती अशा माणसांमुळे.