कृपा आणि शांती : नारायण वामन टिळकांच्या जीवनाचा एक अन्वय

संत पौलाच्या पत्रांच्या आरंभी वाचकांना कृपा व शांती लाभावी अशी प्रार्थना येते. ख्रिस्ती विचारात कृपा ही माणसाच्या पात्रतेवर अवलंबून नसलेली ईश्वराची देणगी होय. शांतीच्या कल्पनेमागे हिब्रूतील ‘शालोम’ हा शब्द असून ईश्वर, व्यक्ती आणि समाज यांच्यातील संबंधांची अखंडता त्यात अभिप्रेत आहे. ईश्वरविद्येत शांती हे कृपेचे फळ मानले जाते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रात मात्र कृपेच्या अनुभवाने प्रथम घर दुभंगले. शांती पुढे घडवावी लागली.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुटुंबात झाला. बालवयात मातेचे छत्र हरपल्यावर ते घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. परंतु एका गावी, एका नोकरीत स्थिरावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. या भ्रमंतीतच ते विदर्भात आले. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय त्यांना लाभला. जातिभेदाने विदीर्ण झालेल्या समाजाला सांधू शकेल असा धर्म कोणता, हा प्रश्न या काळात त्यांना व्याकूळ करीत होता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. तीतील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. जे सिद्धांत ते तर्काने जुळवू पाहत होते, ते येथे त्यांना एका व्यक्तीच्या रूपात साकार झालेले दिसले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे मोल लक्ष्मीबाईंनाही द्यावे लागले. त्यांच्या दृष्टीने हा धर्मत्याग तर होताच, शिवाय पती हयात असताना पदरी आलेला एकाकीपणाही होता. लहानग्या दत्तूसह त्यांनी काही वर्षे आप्तांच्या आधाराने काढली. टिळकांना अंतरी समाधान लाभले असले, तरी ज्या अर्थाने बायबल शांती मानते ती त्यांच्या संसारातून नाहीशी झाली होती. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांच्याकडे आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. स्वतंत्र स्वयंपाक, स्वतंत्र पाणी अशी व्यवस्था टिळकांनी मान्य केली. दुसऱ्याच्या श्रद्धेवर बळजोरी न करता वाट पाहणे हे या सहजीवनाचे सूत्र ठरले. कृपा जर मागितल्यावाचून मिळते, तर ती लादताही येत नाही, हे तत्त्व येथे आचरणात उतरलेले दिसते. अनुभवांती लक्ष्मीबाईंचे सोवळे आपोआप गळून पडले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

घरात सांधलेला हा दुवा टिळकांनी नंतर भाषेत आणि समाजात सांधू पाहिला. मराठीत कृपा हा शब्द संतांच्या अभंगांतून आधीच रुजलेला होता. टिळकांनी तो परका होऊ दिला नाही. भजन, कीर्तन व अभंग यांना ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. बालकवींसारख्या तरुण कवीला त्यांच्या घरात पुत्रवत् आसरा मिळाला.

तथापि मिशनची चौकटही त्यांना अपुरी वाटू लागली. १९१७ मध्ये तिच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात सामावावेत, ही कल्पना शालोमच्या व्यापक अर्थाला जवळची होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग बहराला आला नाही, आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले.

ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या श्रद्धेपायी एके काळी त्यांचा संसार मोडला, तिचेच काव्य त्यांनी सिद्धीस नेले. टिळकांच्या जीवनात कृपा आणि शांती यांची गाठ कोठे पडली, हे त्यांच्या धर्मांतराच्या क्षणापेक्षा या घटनेतून अधिक स्पष्टपणे उलगडते.